कडू कागद

इंद्राणीने कागदाची पट्टी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली, डोळे गच्च मिटले आणि धावत जाऊन अंगणात थुंकून आली.

"बघितलंत? मार्गोजच्या भाजीपेक्षा कडू! आता तुम्ही सगळ्यांनी एकेक घ्यायची, आणि खरं काय ते सांगायचं."

रविवारची सकाळ होती. बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावाच्या बाजारापासून थोडं आत, उसाच्या कडेला असलेल्या त्या घरात विद्यापीठात जाणारी इंद्राणी ही पहिलीच. शेतीशास्त्राच्या पदवीसाठी तिला जीवरसायन आणि आनुवंशिकता असे दोन विषय होते, आणि त्यातल्या आनुवंशिकतेचा गृहपाठ घेऊन ती घरी आली होती. पट्टीवर एक औषध लावलेलं असतं. काही माणसांना ते जहरासारखं कडू लागतं आणि काहींना नुसता कागद लागतो. हे ज्याचं त्याचं जन्मतःच ठरतं. घरात कोणाला लागतं, कोणाला लागत नाही ते बघून वंशावळ काढायची, एवढाच गृहपाठ.

तिचे वडील तुलसीराम व्हरांड्यात चहा पीत बसले होते. ते भाजीचा मळा करत, पण गावात त्यांची ख्याती होती ती जिभेबद्दल. आसपासच्या कुठल्याही मराठी लग्नात त्यांनी चाखून मान हलवल्याशिवाय पातेलं चुलीवरून उतरत नसे. त्यांनी पट्टी तोंडात घेतली, विडा चघळावा तशी चघळली आणि कपाळाला आठी घातली.

"न्हाई. काही न्हाई."

"बा, नीट जिभेवर ठेवा."

"अगं, कोरा कागद हाय हा! तुझ्या मास्तरानं फसवलं तुला."

"काही लोकांना लागत नाही, बा. त्यात कमीपणा काही नाही."

"कमीपणा कसला? ह्या जिभेनं अर्ध्या फ्लाकची लग्नं पार पाडलीत!"

थोरला भाऊ देवराज पट्टी चाखून "नाही" म्हणाला. तो शाळेत नकाशे आणि चित्रकला शिकवायचा आणि घरी फारसं बोलायचा नाही. त्यामुळे हा एक शब्दही इंद्राणीला पुरेसा वाटला. मग पदराला हात पुसत आई, पुष्पावती, बाहेर आली. तिने पट्टी घेतली, नवऱ्याकडे पाहिलं आणि जिभेवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"न्हाई गो. काही लागत न्हाई," ती म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणत लगबगीने आत गेली.

"बघ!" तुलसीराम म्हणाले. "घरात तुझी एकटीचीच जीभ बिघडली."

इंद्राणीने हसत हसत आकृती काढली. बापाचा चौकोन रिकामा, आईचं वर्तुळ रिकामं, दादाचा चौकोन रिकामा. स्वतःचं वर्तुळ तिने पेन्सिलीने काळं केलं. मग ती त्याकडे बघतच राहिली, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. कडू लागण्याचा गुण आईकडून नाहीतर बापाकडून, कुठून तरी यावाच लागतो, हे प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. दोघांनाही लागत नसेल तर मुलांपैकी कोणालाच लागत नाही. कोणालाच.

काहीतरी चूक झाली असणार असं म्हणून तिने दुपारी आईला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं आणि दुसरी पट्टी पुढे केली.

"आई, एकदा परत. अगदी नीट."

पुष्पावतीने पट्टी तोंडात धरली, खिडकीबाहेर पाहिलं आणि सावकाश मान हलवली. "न्हाई म्हणलं की मघाशीच. लिहून घेतलंस ना? मग झालं." मग ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. "ऊन केवढं पडलंय," ती म्हणाली.

इंद्राणीने ऊन पाहिलं नाही आणि पाणीही पाहिलं नाही. तिने फक्त उत्तर ऐकलं.

त्या आठवड्यात तिची झोप उडाली. वर्गात शिकवलेला प्रत्येक गुण ती आरशासमोर तपासू लागली. कानाची पाळी लोंबती होती, पण बापाची चिकटलेली. जीभ पन्हाळीसारखी वळत होती, पण दादाची वळत नव्हती. हे तपासायला तिने त्याला जेवताना जीभ बाहेर काढायला लावली, आणि त्याने ती मुकाट्याने काढली. जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत एका नळीत दोनदा आम्ल घातलं गेलं आणि दुसरी कोरडीच राहिली. शेजारची मुलगी म्हणाली, "इंद्राणी, पा त्राकासे! मासिक परीक्षाच आहे." पण काळजी करू नको असं सांगणाऱ्या त्या बिचारीला स्वतःचे आईबाप कोण ते ठाऊक होतं.

शेवटी तिने तास संपल्यावर प्राध्यापकांना गाठलं.

"सर, समजा दोन्ही पालकांना कडू लागत नाही आणि मुलीला लागतं. मग?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "कोणाच्या घरचं?"

"असंच. समजा."

"मग दोन शक्यता," ते खाकरत म्हणाले. "पहिलीबद्दल आपण बोलायला नको. दुसरी म्हणजे बाळांची अदलाबदल. गृहपाठात अशी वंशावळ आली की मी विद्यार्थ्याला एवढंच सांगतो, बाबा रे, दुसरं कुटुंब शोध."

पहिल्या शक्यतेचा विचार इंद्राणीने क्षणभरही केला नाही. आई एकटी पोर्ट लुईलाही कधी गेली नव्हती. राहिली दुसरी. आणि तिचा जन्म तर कारोल वादळातला होता.

कारोलची गोष्ट भगवती आत्या सांगायची. ही तुलसीरामांची बहीण, शेजारीच राहायची. इंद्राणीने तिला मसूर निवडताना धरलं.

"आत्या, मी जन्मले तेव्हा नेमकं काय झालं?"

"आयो बोंद्ये, काय सांगू गो!" आत्याने सूप बाजूला ठेवलं. ती हे सांगायला नेहमीच तयार असे. "घराचं छप्पर गेलं उडून. सगळं गाव शाळेत जाऊन बसलं. आत माणसं, बाहेर वारा. तुझी आई ह्या वर्गात, बलरामाची बायको चंद्रकला त्या वर्गात, आणि सुईण एकच! दोघी एकाच वेळेला बाळंत झाल्या. सुईणीनं एकच धोतर फाडलं, अर्धं तुला, अर्धं तिच्या पोरीला, आणि दोघींना माझ्याकडं दिलं. एक ह्या हातात, एक त्या हातात."

"आणि मग?"

"मग आला वारा आणि इजला कंदील."

इंद्राणी आणखी पुढे सरकली. "मग?"

"मग काय, लावला परत."

"आणि मुली?"

"होत्या की! मोजून दोन."

"आत्या, कोण कुठल्या हातात होती ते तुला कळत होतं का?"

आत्याने थोडा विचार केला. "रडत दोघी सारख्याच होत्या," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप घेतलं.

बलराम आता पितों गावात राहायचा. तिथल्या मळ्यावर तो सिरदार होता, मजुरांवर देखरेख करायचा. त्याच्या मुलीचं नाव कुसुमावती. दुसरं कुटुंब शोध, असं प्राध्यापक म्हणाले होते, आणि इंद्राणीने ते शोधायचं ठरवलं. शनिवारी ती दोन बस बदलून पितोंला गेली. परक्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून तिने बाजारातून मिठाईचा डबा घेतला. पहिली चूक तिथे झाली.

बलरामने तिला ओळखलं आणि आदराने बसवलं. चंद्रकला मिठाईकडे बघून नुसती हसली. कुसुमावती शनिवारची अर्धी पाळी संपवून स्वेटरच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. केसांना लोकरीचे धागे तसेच चिकटलेले होते. इंद्राणी तिच्याकडे टक लावून बघू लागली. कुसुमावतीची कानाची पाळी चिकटलेली होती. अगदी तुलसीरामांसारखी.

"काकी, कुसुमावतीचा जन्म नक्की किती वाजताचा?" तिने विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. कोणाच्या पोरीची जन्मवेळ कोण कशासाठी विचारतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पहाटेचा," चंद्रकला हळूच म्हणाली. "पंडितजींकडून लिहून घेतलंय. देऊ?"

"नको, नको. घराण्यात कोणाला काही आजार? आजोबा-आजींना?"

"काही न्हाई, सगळे धडधाकट," बलराम छाती काढून म्हणाला. "तुझा भाऊ देवराज, तो शाळेत शिकवतो ना?"

"हो."

"लग्न?"

"नाही झालं अजून," इंद्राणी म्हणाली. तिचं सगळं लक्ष त्या पाळीकडे होतं. "काका, हे एक कॉलेजचं काम आहे. जिभेवर ठेवून सांगा ना, कसं लागतं."

बलरामने पट्टी चाखली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "कडू! आयो!" चंद्रकला तर पट्टी थुंकून उठलीच. कुसुमावतीने मात्र ती शांतपणे चघळली.

"काही नाही. कागद आहे."

खरं तर यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. कडू लागणाऱ्या जोडप्याला न लागणारं मूल होऊ शकतं, तेही फळ्यावर लिहिलेलं होतं. पण इंद्राणीला त्या क्षणी फळा आठवला नाही. तिला इतकंच दिसलं की कडू लागणारे आईबाप इथे आहेत आणि त्यांची कडू लागणारी मुलगी, म्हणजे ती स्वतः, खुर्चीत बसली आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चंद्रकलेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गो. माणसं मायेची हायत तुमची, कळलं आम्हाला."

दारापर्यंत पोचवायला आलेल्या कुसुमावतीने सरळच विचारलं, "तू माझ्याकडे अशी काय बघतेस सारखी?"

"काही नाही. तू... तू सुखी आहेस ना या घरी?"

"घरी मी असते कधी? ओव्हरटाइम करून झोपायला येते."

इंद्राणी बसमध्ये बसली आणि फ्लाक येईपर्यंत रडत राहिली. आपल्या जागी कोणीतरी दुसरी स्वेटर विणत बसली आहे आणि आपण तिच्या जागी विद्यापीठात शिकतो आहोत, हे तिला सहन होईना. घरी आईने गरम भात वाढला तर तिने ताट बाजूला सारलं. हा भातसुद्धा कुसुमावतीचा, असं तिला वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती मळ्यातून वांगी घेऊन परतली तेव्हा घरापुढे टॅक्सी उभी होती. व्हरांड्यात बलराम, चंद्रकला आणि नवी साडी नेसलेली कुसुमावती बसली होती. मध्ये नारळ ठेवलेलं तबक होतं. भगवती आत्या चहा घेत होती, आणि देवराज खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

घडलं होतं असं, की पाहुणे आल्यावर तुलसीरामांना वाटलं, हे बायकोने ठरवलं असणार. पुष्पावतीला वाटलं, नवऱ्याने ठरवलं असणार. आपल्याला काही माहीत नाही हे पाहुण्यांपुढे कबूल करायचा दोघांचाही स्वभाव नव्हता. त्यामुळे बोलणी भराभर पुढे गेली होती.

"मग ऊसतोडणी संपली की," बलराम म्हणत होता.

"संपली की," तुलसीराम म्हणाले. "समजा, ठरलं."

वांगी व्हरांडाभर घरंगळली.

"हे लग्न होणार नाही!" इंद्राणी ओरडली.

"का न्हाई?" तुलसीराम चकित झाले.

"कारण ती दादाची सख्खी बहीण आहे!"

आत्याचा कप बशीवर आपटला. बलरामने आधी चंद्रकलेकडे पाहिलं, मग तुलसीरामांकडे, आणि तो सावकाश उठून उभा राहिला. सिरदाराचा आवाज मळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला लागतो. तो पोचला.

"तुलसीराम!"

"मी? मी काय केलं?" तुलसीराम खुर्चीला धरून म्हणाले. "मी तर... पुष्पा, मी पितोंला कधी गेलोय?"

"कारोलच्या आधी हे लोक इथंच राहायचे," पुष्पावती नवऱ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली.

"तसं नाही!" इंद्राणी रडकुंडीला आली. "तसं काही नाही हो! बाळं बदलली! त्या रात्री कंदील विझला तेव्हा आत्याकडे बाळं बदलली!"

आता सगळे मान वळवून भगवती आत्याकडे बघू लागले.

"मी?" आत्या म्हणाली. "मी मोजून दोन दिल्या!"

मग इंद्राणीने सगळं सांगून टाकलं. पट्टी, बाला कडू न लागणं, आईला कडू न लागणं, फळ्यावरचा नियम, कानाच्या पाळ्या. मधे मधे तिचा आवाज फुटत होता. "तुम्ही माझे आईबाप नाही आहात," ती शेवटी म्हणाली. "मला पुढे काहीच सुचत नाही. मी कोणाला आई म्हणू ते सांगा मला."

पुष्पावती हातातला चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"मला कडू लागलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"लई कडू. असलं कडू मी जन्मात खाल्लं न्हाई. जीव जातो का काय असं वाटलं."

इंद्राणी तिच्याकडे बघतच राहिली. "आई! मग तू नाही का म्हणालीस?"

"तुझ्या बानं आधीच न्हाई म्हणलं ना. मी कडू म्हणलं असतं तर त्यांनी कडू लागेपर्यंत दिवसभर कागद चावले असते. दुधाला उतू जायची वेळ झाली होती."

"आणि दुपारी? दुपारी तर आपण दोघीच होतो!"

"तेव्हा तू लिहून घेतलं होतंस. कॉलेजच्या कागदावर खाडाखोड केली तर तुझे मार्क जातील, असं वाटलं मला." पुष्पावतीचा आवाज जरा कापरा झाला. "मला काय ठाऊक, तू ह्यावरून मला सोडून जाशील?"

इंद्राणीने दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. दोघी रडल्या. चंद्रकलाही रडली, आणि आत्या सगळ्यांत मोठ्याने रडली, कारण तिच्यावरचा आळ गेला होता. बलराम खुर्चीत परत बसला आणि मघाशी कोणावर ओरडलोच नाही असा चेहरा करून चहा पिऊ लागला.

तुलसीराम मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते. "म्हणजे सगळ्यांना लागतं आणि मलाच लागत न्हाई?"

"देवराजलाही न्हाई," पुष्पावती डोळे पुसत म्हणाली. "ते जन्माचं हाय म्हणते ना ती. कडूचं मला माहीत न्हाई, पण मिठाचं सांगते. लग्नात तुम्ही मान हलवून गेलात की बायका परत मीठ टाकतात."

"कुठल्या लग्नात?"

"सगळ्या."

तुलसीरामांनी बहिणीकडे आधारासाठी पाहिलं. आत्या वांगी गोळा करू लागली.

इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलायला एकदा सुरुवात झाल्यावर पुष्पावतीला थांबवणं कोणाला जमलं नाही. ही सोयरीक मी ठरवलेली नाही, असं तिने पाहुण्यांना सांगितलं. तुम्हीही ठरवलेली नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलं. मग कोणी ठरवलं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी इंद्राणीकडे पाहिलं, आणि इंद्राणीने मिठाईच्या डब्यापासून जन्मवेळेपर्यंतचं सगळं आठवून तोंडावर हात ठेवला.

बलराम खाकरला. "म्हणजे आता... नारळ न्यायचा का ठेवायचा?"

पुष्पावती कुसुमावतीसमोर जाऊन बसली. "पोरी, तुला काय वाटतं ते तू सांग. माझ्यासारखं करू नको. तोंडातलं तोंडात ठेवू नको."

कुसुमावतीने आईबापाकडे पाहिलं. मग ती जरा सरळ बसली.

"मला आत्तापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मला टॅक्सीत बसवलं, एवढंच. मी यांचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. शनिवारी माझी पाळी एकला सुटते. यांनी एकट्याने कारखान्याच्या फाटकाशी यावं. थोडं चालू, बोलू. मग मी काय ते कळवीन. पटलं तर हो, नाही तर नाही."

"अशी कुठं पद्धत असते?" तुलसीराम म्हणाले.

"तुम्ही गप बसा जरा," पुष्पावती म्हणाली, आणि ते बसले.

सगळे देवराजकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले होते. त्याने गुडघ्यांवरची नजर काढून पहिल्यांदाच कुसुमावतीकडे नीट पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"फाटक कुठलं, पुढचं की मागचं?" त्याने विचारलं.

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून त्या घरात कोणी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"पुढचं," कुसुमावती म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. "उशीर झाला तर मी बसने निघून जाईन."

देवराज झटक्यात उठला आणि व्हरांड्याच्या पायरीवर आपले बूट शोधू लागला.

"अरे, शनिवारी!" पुष्पावती म्हणाली.